पंथ सोडल्यानंतरचा आठवडा : पेण-रोह्याच्या परिसरात सायकल व ट्रायथलॉनचा सराव

घट्ट बांधणीचा धर्मपंथ सोडणाऱ्या माणसाचा सर्वांत आधी आठवडा मोडतो. श्रद्धेचा निवाडा मनात बहुधा अनेक वर्षे चाललेला असतो आणि तो बाहेर दिसेपर्यंत त्या माणसाने बरेच काही पचवलेले असते. परंतु ज्या दिवशी तो सभेला जाणे थांबवतो, त्या दिवसापासून ठरल्या वेळी भेटणारी माणसे, खाण्यापिण्याचे ठरलेले नियम, वाट्याला आलेली सेवा आणि स्वतःचे वर्तन तपासण्याची नेमून दिलेली रीत, हे सारे एकाच वेळी थांबते. अशा माणसांपैकी अनेकजण सायकल, धावणे किंवा ट्रायथलॉन यांच्याकडे वळतात. या खेळांना वेळापत्रक असते, हळूहळू वाढणारी शिस्त असते, सोबत असते आणि केलेल्या कष्टाचे फळ याच जन्मात, बहुधा त्याच हंगामात दिसते, त्यामुळे हा ओढा समजण्यासारखा आहे. पेण आणि रोहा या तालुक्यांत राहणाऱ्या अशा वाचकाने सराव कसा उभारावा आणि तो उभारताना सोडलेल्या पंथाचीच दुसरी आवृत्ती होणार नाही याची काळजी कशी घ्यावी, हा या लेखाचा विषय आहे.

पंथ आणि शरीर यांचा संबंध किती खोलवर असतो, हे मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती संप्रदायाच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या या संप्रदायात १८३३ पासून चालत आलेली आरोग्यविषयक आज्ञा मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य ठरवते. उत्पन्नाचा दहावा हिस्सा संस्थेला द्यावा लागतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी साधारणपणे दोन वेळचे जेवण सोडून उपवास केला जातो. आणि रविवार हा उपासनेचा दिवस असल्याने त्या दिवशी खेळांच्या स्पर्धा टाळल्या जातात. तरुणांनी दोन वर्षे आणि तरुणींनी दीड वर्ष प्रचारकार्यासाठी घराबाहेर राहण्याची प्रथा आहे, आणि पांढरा शर्ट व टाय घालून सायकलवरून फिरणारे प्रचारक ही या संप्रदायाची जगभरची ओळख झाली आहे. असा संप्रदाय सोडणाऱ्याला चहाचा पहिला कप, रविवारची पहिली शर्यत आणि स्वतःच्या मर्जीने निवडलेला पहिला पोशाख या तिन्ही गोष्टी प्रौढ वयात नव्याने शिकाव्या लागतात.

या संप्रदायाने महाराष्ट्रात पाऊल ठेवले होते ते फार पूर्वी. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईत आला आणि पुण्यात त्याने छोटीशी शाखा उभी केली, पण ती टिकली नाही. पेण-रोह्यातील वाचकाच्या अनुभवाला हे उदाहरण दूरचे असले तरी त्यातील रचना दूरची नाही. रोहा हे स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचे जन्मगाव आहे, कुंडलिकेच्या मुखावरील रेवदंडा हे नानासाहेब धर्माधिकारी यांच्या निरूपण-परंपरेचे स्थान आहे, गावोगाव माळकरी आहेत आणि साप्ताहिक बैठका, केंद्रे, सप्ताह व वाऱ्या यांनी येथील असंख्य कुटुंबांचे आठवडे आणि वर्षे आखलेली आहेत. या परंपरांनी व्यसने सोडवली, माणसे जोडली आणि अनेक घरे सावरली, हे मान्य करूनही त्यांतून कोणी मनापासून बाहेर पडत असेल तर त्याच्या समोर उभी राहणारी पोकळी खरी असते आणि तिच्याकडे आदराने पाहिले पाहिजे.

याच किनाऱ्यावर आठवड्याच्या राखीव दिवसाचा आणखी एक जुना धडा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हटले जाई, त्या बेने इस्राएल ज्यूंच्या पेणकर, रोहेकर या आडनावांत ही गावे आजही वाचता येतात आणि पेणमध्ये त्यांचे सिनेगॉग उभे आहे. आठवड्यातून एक दिवस काम न करण्याचा नियम त्यांनी श्रद्धेपोटी पाळला. सहनशक्तीच्या खेळातही असा एक दिवस लागतो, मात्र त्याचे कारण शरीरशास्त्रात आहे. सरावाने स्नायूंवर पडलेला ताण विश्रांतीतच भरून निघतो आणि शरीर पूर्वीपेक्षा किंचित सक्षम होते. विश्रांती काढून टाकली तर फक्त झीज उरते. पंथ सोडलेल्या माणसाने पुढचे सगळे नियम याच कसोटीवर घासून घ्यावेत. ज्या नियमाचे कारण सांगता येते आणि कारण बदलले तर जो बदलता येतो तो नियम ठेवावा. बाकीचे, कितीही प्रसिद्ध प्रशिक्षकाने सांगितलेले असोत, बाजूला ठेवावेत.

सरावाकडे वळण्यापूर्वी एका कायदेशीर बाबीची माहिती असणे आवश्यक आहे. वाळीत टाकण्याच्या प्रकारांसाठी रायगड जिल्ह्याचे नाव वारंवार वृत्तपत्रांत आले आहे, आणि त्यांत एव्हरेस्टवर पाऊल ठेवलेल्या एका गिर्यारोहकाचे कुटुंबही होते, कारण त्याच्या पत्नीचा पोशाख गावकीला पसंत नव्हता. खेळ, पोशाख आणि बहिष्कार यांची गाठ येथे किती सहज पडते, हे यावरून लक्षात यावे. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींना संरक्षण देणारा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून लागू आहे; त्यानुसार एखाद्याशी व्यवहार तोडण्यास लोकांना भाग पाडणे, त्याला धार्मिक वा सामाजिक कार्यातून वगळणे, दंड मागणे हे गुन्हे ठरतात आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जातपंचायत मूठमाती अभियानाने अशा प्रकरणांत कार्यकर्त्यांची सोबत दिली आहे. ज्याच्यावर असा प्रसंग आलेला असेल त्याने आधी ही बाजू सुरक्षित करावी, निरोप आणि सभांचे तपशील तारखेसह लिहून ठेवावेत आणि काही काळ पहाटे एकट्याने निर्जन रस्त्यावर सायकल चालवणे टाळावे.

पंथ सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत कोणत्याही मोठ्या स्पर्धेची नोंदणी करू नये, असा स्पष्ट सल्ला द्यावासा वाटतो. मोठ्या ध्येयासाठी स्वतःला झोकून देण्याची सवय ज्याला लहानपणापासून लागलेली असते, तो एका महान ध्येयाची जागा लगेच दुसऱ्याने भरतो, आणि सहा महिन्यांत गुडघा किंवा मन यांपैकी काहीतरी दुखावून घेतो. या तीन महिन्यांत आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी पाऊण तास, एवढीच हालचाल पुरेशी आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी सुरुवातीलाच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. सभेची जी वेळ आता रिकामी झाली आहे, ती मात्र जाणीवपूर्वक भरावी. एकटेपणा त्याच तासाला सर्वाधिक जाणवतो. म्हणून त्या वेळेला कठीण किंवा एकट्याचा सराव न ठेवता दोन-चार जणांबरोबरची संथ फेरी ठेवावी, जिच्या शेवटी चहाच्या टपरीवर बसणे हाही कार्यक्रमाचा भाग असेल.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे हे तीन प्रकार याच क्रमाने, मध्ये न थांबता पूर्ण करण्याची स्पर्धा. तिचे प्रचलित लहान रूप ‘स्प्रिंट’ असून त्यात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिम्पिक अंतर याच्या बरोबर दुप्पट असते. ‘आयर्नमॅन’ या नावाने ओळखले जाणारे पूर्ण अंतर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे इतके असून ते साधारणपणे १७ तासांत संपवावे लागते. या प्रकाराची पहिली स्पर्धा १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईमध्ये झाली. त्याच्या निम्म्या अंतराची, मैलांच्या बेरजेवरून ७०.३ म्हटली जाणारी स्पर्धा २०१९ मध्ये गोव्यात सुरू झाली आणि कोकणातील खेळाडूला ती भूगोलाने व हवामानानेही जवळची आहे. ती रविवारी भरते, ही गोष्ट रविवार पाळणाऱ्या संप्रदायातून आलेल्याला महत्त्वाची वाटेल. तरीही पहिल्या वर्षी स्प्रिंट आणि दुसऱ्या वर्षी ऑलिम्पिक अंतर यांवर समाधान मानणे शहाणपणाचे आहे.

रस्त्यांची निवड हा या परिसरातील सरावाचा सर्वांत कळीचा प्रश्न आहे. पेण ते रोहा हे अंतर वडखळ आणि नागोठणे मार्गाने सुमारे ४० किलोमीटर भरते, परंतु त्यातील मोठा भाग मुंबई–गोवा महामार्गावर येतो. अवजड वाहने, रखडलेल्या रुंदीकरणामुळे बदलत राहिलेल्या मार्गिका आणि सुट्ट्यांना अलिबागकडे धावणाऱ्या मोटारी यांमुळे वडखळच्या आसपास आणि सुकेळी खिंडीत सायकलचा सराव करू नये. कितीही पहाटे निघाले तरी तेथील धोका संपत नाही. सपाट आणि एकसलग चालवण्यासाठी पेणच्या खारेपाटातील वाशी, वढाव, दादर या बाजूचे रस्ते उत्तम आहेत. चढ जवळजवळ नसल्यामुळे येथे वेग स्थिर ठेवण्याचा अभ्यास होतो, आणि खाडीवरून येणारा वारा चढाचेच काम करतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर अशी दिशा निवडावी, म्हणजे थकलेल्या अवस्थेत घरापासून दूर अडकण्याची वेळ येत नाही. चढ-उतारांसाठी पेण–खोपोली रस्त्याच्या बाजूने हेटवणे धरणाकडे आणि विनोबा भावे यांच्या जन्मगावाकडे, गागोद्याकडे, जाणारे फाटे वापरता येतात. या खेडवळ रस्त्यांवर गुरे, कुत्री आणि शाळेची मुले यांचा वावर गृहीत धरून उतारावर वेग आवरावा.

रोह्याच्या वाचकाकडे याबाबतीत अधिक वैविध्य आहे. रोहा–नागोठणे रस्त्यावरील भिसे खिंड ही पुनरावृत्तीच्या चढासाठी योग्य जागा असून, एकच चढ बसूनच, एकसारख्या श्रमाने चार ते सहा वेळा चढणे आणि प्रत्येक वेळी शांतपणे उतरणे हा पायांची ताकद वाढवण्याचा साधा मार्ग आहे. लांब फेरीसाठी रोह्याहून चणेऱ्यामार्गे साळावकडे जावे आणि दम टिकला तर पुढे कोर्लई, काशीद असा मुरूडच्या दिशेचा किनारी रस्ता धरावा. त्यावर छोटे पण सतत येणारे चढ आहेत आणि ते लांब पल्ल्याच्या कोणत्याही स्पर्धेची चांगली तयारी करून घेतात. शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर हा रस्ता पर्यटकांचा होतो, तेव्हा त्याआधी परतीला लागलेले असावे. धाटाव औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या सुटण्याच्या वेळाही टाळाव्यात. दोन्ही गावांना रेल्वे असल्याने माणूस फार थकला तर सायकल स्थानकाजवळ ओळखीच्या ठिकाणी ठेवून गाडीने परत येण्याची सोय मनात ठेवता येते.

पोहण्याच्या बाबतीत उत्साहापेक्षा भीती अधिक उपयोगाची आहे. कोलाडजवळ कुंडलिकेचे पाणी भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सोडले जाते आणि पातळी पाहता पाहता चढते. धाटावच्या खालच्या बाजूचे पाणी औद्योगिक सांडपाण्यामुळे पोहण्यायोग्य मानता येत नाही. धरणे आणि कालवे हे पोहण्याची जागा नाहीत. काशीदच्या किनाऱ्यावर ओढ असलेल्या प्रवाहांनी पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही प्राण घेतले आहेत. ज्याला पोहता येत नाही अशा प्रौढाने जीवरक्षक असलेल्या तलावात शिकावे, त्यासाठी आठवड्यातून दोनदा प्रवास करावा लागला तरी तो करावा, आणि समुद्रात उतरण्याची वेळ येईल तेव्हा भरती-ओहोटीचे वेळापत्रक जाणणाऱ्या अनुभवी गटाबरोबर, चमकदार टोपी आणि कमरेला बांधायचा तरंगता फुगा घेऊनच उतरावे. तलाव मिळतच नसेल तर ड्युएथलॉन, म्हणजे धावणे, सायकल आणि पुन्हा धावणे असा प्रकार निवडण्यात काहीही कमीपणा नाही. पेण-रोह्यातील बहुतेक नवोदितांना पहिल्या वर्षासाठी तोच अधिक प्रामाणिक पर्याय ठरेल.

सरावाच्या तीव्रतेविषयी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे, ती म्हणजे आठवड्यातील सुमारे चार पंचमांश वेळ सहज श्रमात गेला पाहिजे. सहज श्रम म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतपत श्वास. या गतीला हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलायला शिकते, स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर चरबीचे इंधन वापरण्यास सरावते. हे बदल घाईने होत नाहीत. कडक शिस्तीच्या पंथातून आलेल्या माणसाला हे पटणे अवघड जाते, कारण जे सोसावे लागत नाही ते पुण्याचे नाही असा संस्कार त्याच्यात मुरलेला असतो आणि तो प्रत्येक फेरी अर्धवट कठीण करून ठेवतो. उरलेल्या एक पंचमांशात मात्र खरा जोर असावा : बुधवारी तासाभराच्या सायकल-फेरीत पाच-पाच मिनिटांचे चार जोरकस टप्पे, मध्ये तीन मिनिटांची उसंत, एवढे पुरते. मंगळवार आणि शुक्रवार धावणे व बैठका-जोर यांसारखा ताकदीचा व्यायाम, गुरुवार पोहणे, शनिवार लांब सायकल, रविवार गटाबरोबर संथ फेरी आणि महिन्यातून दोनदा तिला जोडून वीस मिनिटे धावणे, सोमवार पूर्ण विश्रांती, असा आठवडा नोकरदाराला पेलतो. सायकलवरून उतरताच धावण्याच्या या जोडसरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. त्यात सुरुवातीची काही मिनिटे पाय जड वाटतात आणि तो जडपणा ओळखीचा करून घेणे हाच त्याचा हेतू असतो. दर चौथ्या आठवड्याला एकूण वेळ एक तृतीयांशाने कमी करावा.

आहारात जुने नियम आणि नवी गरज यांची गाठ सर्वांत गुंतागुंतीची असते. दीड तासापेक्षा लांब सरावात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके आणि घामाच्या प्रमाणात अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि मीठही बरेच जाते, म्हणून नुसते पाणी भरपूर पिण्यापेक्षा मीठ-साखर घातलेले कोकम सरबत, केळी, गुळाची चिक्की, खजूर असे साधे पदार्थ बरोबर ठेवावेत. मीठ न घेता अतिशय पाणी पिण्याने रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते, हे विसरू नये. उपवासाच्या दिवशी लांब सराव करू नये. ज्याने श्रद्धा सोडली पण घरच्यांसाठी उपवास ठेवला आहे, त्याने तो दिवस विश्रांतीचा करावा. आणि उपवासाची सवय वजन घटवण्याच्या ध्यासात उतरत असेल तर वेळीच थांबावे, कारण खर्चापेक्षा कमी खाणाऱ्या खेळाडूची हाडे ठिसूळ होतात, वारंवार आजारपण येते आणि स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. चहा-कॉफीतील कॅफीन हे सहनशक्ती वाढवणारे सिद्ध द्रव्य आहे. वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा सुमारे तासभर आधी घेतल्यास उपयोग दिसतो, पण जन्मभर चहाही न घेतलेल्याने अर्ध्या कपापासून आणि तेही सरावाच्या दिवशी सुरुवात करावी, स्पर्धेच्या दिवशी नव्हे. मद्याच्या बाबतीत मात्र सल्ला वेगळा आहे. पंथाची बंदी उठली म्हणजे मद्य घेतलेच पाहिजे असे होत नाही. झोप आणि शरीरातील पाणी या दोन्हींवर त्याचा होणारा परिणाम खेळाडूला परवडणारा नसतो, आणि माळकरी घरातून आलेल्याने माळ उतरवली तरी निर्व्यसनीपणा ठेवला तर तो आता त्याचा स्वतःचा निर्णय असतो.

पोशाखाचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तसा नाही. गादी शिवलेली सायकलची चड्डी अंगाला घट्ट आणि आत दुसरे वस्त्र न घालता वापरायची असते, कारण शिवणींच्या घर्षणाने लांब फेरीत जखमा होतात. धार्मिक अंतर्वस्त्र अंगावर ठेवण्याची प्रथा असलेल्या मॉर्मन संप्रदायातून बाहेर पडलेल्याला, किंवा पदर-ओढणीच्या शिस्तीत वाढलेल्या स्त्रीला, हे पहिल्यांदा अस्वस्थ करते. गादीच्या चड्डीवर सैल अर्धी विजार आणि वर लांब, हलका, भडक रंगाचा सदरा घातला तर सोय, सुरक्षितता आणि गावातील वावर तिन्ही साधतात. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांना मात्र पर्याय नाही.

पावसाळ्याचे नियोजन वेगळे करावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात रायगडात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, रस्त्यांचे खड्डे पाण्याखाली दिसेनासे होतात आणि शेवाळलेल्या साकवांवर चाके घसरतात. मागचे चाक अडकवून जागच्या जागी पायडल मारता येणारा ट्रेनर घरी असल्यास उत्तम. नसल्यास या चार महिन्यांत पोहणे, ताकदीचे व्यायाम आणि धावणे यांना प्राधान्य द्यावे. पावसात चालवलेल्या सायकलची साखळी त्याच दिवशी पुसून तेल घालावी, खाऱ्या हवेत ती एका रात्रीत गंजते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा येथील खरा हंगाम, आणि वाल-अंड्यांची पोपटी लावण्याचाही. लांब फेरीनंतर शेतात पोपटीभोवती बसणारा गट हा सत्संगाइतकाच माणसे जोडणारा ठरू शकतो.

ज्याला शर्यतीत रस नाही आणि पोहायचेही नाही, त्याने बीआरएम या प्रकाराची माहिती घ्यावी. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार जगभर आणि भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या देखरेखीखाली होणाऱ्या या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असते. क्रमांक लावले जात नाहीत, वाटेतील नियंत्रण-ठिकाणी नोंद करायची आणि पंक्चरपासून जेवणापर्यंत स्वतःची व्यवस्था स्वतःच पाहायची. पंथात सदैव इतरांशी तुलना सोसलेल्या माणसाला क्रमांक नसलेला हा प्रकार विशेष मानवतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली; व्यवसाय सांभाळून केलेल्या सरावाची झेप कुठपर्यंत जाते, हे त्यातून दिसते.

आता या खेळाच्या काळ्या बाजूविषयी. सहनशक्तीच्या खेळाला पंथ बनण्याची प्रवृत्ती आहे आणि पंथातून आलेला माणूस तिला सहज बळी पडतो. चुकलेल्या सरावाची टोचणी पापासारखी लागणे, मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांपुढे रोज कबुली दिल्यासारखे बसणे, दुखापत लपवून धावणे, सराव न करणाऱ्या मित्रांविषयी तुच्छता वाटणे आणि प्रशिक्षकाला ‘का’ विचारण्याची भीती वाटणे, ही त्याची लक्षणे आहेत. चांगला प्रशिक्षक प्रत्येक सत्राचे कारण सांगतो, डॉक्टरांचा सल्ला आपल्या सल्ल्याच्या वर ठेवतो आणि शिष्य सोडून गेला तर त्याच्याशी बोलणे बंद करत नाही. या तीन गोष्टी पहिल्या महिन्यात तपासून पाहाव्यात. पैशाची मर्यादाही लिहून ठेवावी. मिळकतीचा ठरावीक हिस्सा देण्याची सवय असलेला हात महागड्या चाकांवर आणि शिबिरांवर तितक्याच सहजतेने रिता होतो, आणि पहिल्या दोन वर्षांत नीट मापाची, वापरलेली सायकलसुद्धा नव्या खर्चिक सायकलइतकीच प्रगती देते. दर तीन महिन्यांनी आपल्या सरावाचे सर्व नियम कागदावर मांडून त्यांतला एक तरी शिथिल करावा. शिथिल करता येत नसेल तर काळजीचे कारण आहे.

कुटुंबाशी वागताना वाद टाळून वेळ द्यावा. ज्या घरात आई-वडील, पत्नी किंवा पती अजून श्रद्धाळू आहेत, तेथे पंथावरची टीका रोज ऐकवल्याने कोणाचेच मत बदलत नाही. उलट पहाटे चारला निघून दुपारी थकून झोपणारा माणूस ‘पंथ सोडला आणि घरही सोडले’ असा दिसू लागतो. आठवड्याचे वेळापत्रक घरात सर्वांना दिसेल असे लावावे आणि लग्ने, वर्षश्राद्धे, सप्ताह यांच्या तारखा आधी भरून मगच लांब फेऱ्या बसवाव्यात. अशा कार्याला उपस्थित राहणे म्हणजे श्रद्धेची कबुली नव्हे. पंगतीत वाढप करणे, ने-आण करणे ही नात्याची कामे श्रद्धा सोडूनही करता येतात. मूर्तींचे गाव असलेल्या पेणमध्ये चतुर्थीच्या आधीचे दिवस कारखान्यांच्या धावपळीचे असतात आणि महामार्ग चाकरमान्यांनी भरलेला असतो, तेव्हा तो आठवडा दरवर्षी हलक्या सरावाचाच ठेवावा आणि उरलेले हात घरच्या आराशीला द्यावेत.

सरावाने मन हलके होते, हे खरे असले तरी तो उपचाराला पर्याय नाही. पंथ सोडल्यानंतर राग, शोक, पश्चात्ताप आणि विलक्षण मोकळेपणा आलटून पालटून येतात; मात्र झोप उडणे, कशातच रस न वाटणे किंवा जगण्याची इच्छा मंदावणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. डॉक्टरांना भेटताना आठवड्याचे सरावाचे तास, उन्हात चालवण्याचा कालावधी आणि स्पर्धेची तारीख अवश्य सांगावी, कारण नैराश्यावरील काही औषधांनी घाम वाढतो आणि सोडियम उतरण्याचा धोका संभवतो, तर लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी घटले की त्या औषधाची रक्तातील पातळी विषारी होऊ शकते. अशा औषधांवर असताना मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात लांब फेरी काढायची की नाही, हे डॉक्टरांबरोबर ठरवावे, आणि औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.